कोऱ्या कागदावर सही

ट्रान्सफर विंडो उघडली की आमच्या ग्रुपमधले सगळे एका रात्रीत एजंट होतात. कुणाच्या कॉन्ट्रॅक्टची किती वर्षं उरलीत, रिलीज क्लॉज केवढा आहे, कुणाला आठवड्याला किती मिळतात, सगळं पोरांना तोंडपाठ. सेमिस्टरचा सिलॅबस मात्र विचारू नका. मग कुणाचं तरी एसीएल जातं आणि हीच एजंट मंडळी क्षणात हाडांचे डॉक्टर होतात. नऊ महिने बाहेर, परत आला तरी पहिल्यासारखा पळणार नाही, आत्ताच विकून टाका. परवा कॅन्टीनमध्ये हे विकून टाका प्रकरण रंगात आलं होतं, तेव्हा मी गारिंचाचं नाव काढलं. टेबलावरच्या सहा जणांपैकी चौघांनी ते ऐकलंच नव्हतं. एकाला वाटलं, एखाद्या नव्या फॉर्मेशनचं नाव असेल.

यात त्यांची काही चूक नाही. पेले सगळ्यांना माहीत असतो. पेलेची जर्सी घालून कोल्हापुरात वर्ल्डकपच्या वेळी पोरं फिरतात, गल्लीत ब्राझीलचे झेंडे लागतात. पण ब्राझीलमधल्या जुन्या माणसांना विचारलं तर ते पेलेबद्दल आदरानं बोलतात आणि गारिंचाचं नाव काढलं की हसतात, मग गप्प होतात, असं तिथल्या फुटबॉलवर लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकानं लिहून ठेवलंय. कॉन्ट्रॅक्ट, इंज्युरी आणि टीमचं भवितव्य, म्हणजे आपण रोज ज्यावर घसा कोरडा करतो ते तिन्ही विषय, या एका माणसाच्या आयुष्यात इतके घट्ट गुंतलेत, की त्याची गोष्ट एकदा नीट सांगायलाच हवी.

त्याचं खरं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म २८ ऑक्टोबर १९३३ चा, रिओ दि जानेरोपासून काही तासांवरच्या पाऊ ग्रांदे नावाच्या गावात. गाव म्हणजे एका कापडगिरणीभोवती वसलेली वस्ती. गिरणीचं नाव आमेरिका फाब्रिल. घरं गिरणीची, जमीन गिरणीची, फुटबॉलचं मैदान गिरणीचं आणि टीमसुद्धा गिरणीचीच. गिरणगावाच्या गोष्टी घरात ऐकलेल्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. मुलगा अंगानं एवढासा होता, म्हणून बहिणीनं त्याला गारिंचा म्हणायला सुरुवात केली. गारिंचा म्हणजे तिकडचा एक चिमुकला, तपकिरी, रानात उडणारा पक्षी. पुढे घरातलं हे लाडाचं नाव सगळ्या देशानं उचललं.

त्याचे पाय जन्मापासूनच वाकडे होते. वाकडे म्हणजे आपण सहज म्हणतो तसे नव्हेत. उजवा पाय गुडघ्यातून आत वळलेला, डावा बाहेरच्या बाजूला वाकलेला आणि लांबीत सुमारे सहा सेंटिमीटरचा फरक. दोन्ही पाय एकाच दिशेला कलल्यासारखे दिसायचे, जणू जोराचा वारा सुटलाय आणि माणूस एका बाजूला झुकलाय. आजच्या एखाद्या क्लबच्या मेडिकल टेस्टमध्ये हे पाय पहिल्या पाच मिनिटांत नापास झाले असते. मी हे टोमणा म्हणून नाही लिहीत. त्या गुडघ्यांचं पुढे जे झालं ते पाहता, नापास करणारा डॉक्टर अगदीच चुकला असं म्हणता आलं नसतं.

चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला. कामगार म्हणून अगदीच कच्चा. कामाच्या वेळेत कापसाच्या खोक्यांत जाऊन झोपायचा, असं सांगतात. एकदा नोकरी गेलीसुद्धा. पण गिरणीच्या टीमला त्याची गरज होती, म्हणून परत घेतलं. मला वाटतं, त्याच्या सगळ्या आयुष्याचा नमुना इथेच दिसतो. त्याचं काय होणार हे नेहमी दुसराच कुणीतरी ठरवायचा, आणि तो समोरच्यावर विश्वास ठेवून मासे पकडायला निघून जायचा. मासेमारी, पक्षी, गावातले दोन जुने मित्र आणि ऊसाची दारू, ज्याला तिकडे काशासा म्हणतात, एवढं त्याला पुरायचं. वडीलही पिणारेच होते. १९५२ मध्ये गिरणीतल्याच नाईर नावाच्या मुलीशी लग्न झालं. पुढे त्यांना आठ मुली झाल्या.

मोठ्या क्लबात जाण्याची घाई त्याला कधीच नव्हती. रिओतल्या एका क्लबात बूट न नेता ट्रायलला गेला म्हणून परत पाठवला, दुसरीकडे शेवटची ट्रेन चुकेल म्हणून मधूनच उठून आला, असे किस्से आहेत. त्यातलं खरं किती, मीठमसाला किती, सांगणं कठीण. १९५३ मध्ये मात्र तो बोटाफोगो क्लबच्या ट्रायलला पोचला. समोर डिफेन्सला होता निल्टन सांतोस, ब्राझीलचा आंतरराष्ट्रीय खेळाडू. या गिरणीकामगाराने त्याला चकवलं आणि बॉल सरळ त्याच्या दोन पायांमधून काढला. निल्टनच्या जागी दुसरा कुणी असता तर चिडला असता. निल्टननं मैदानाबाहेर येऊन क्लबला सांगितलं, की या पोराला आजच घ्या, हा उद्या दुसऱ्या टीमकडून माझ्यासमोर यायला नको. त्याच वर्षी जुलैमध्ये मुख्य टीमकडून पहिल्या सामन्यात गारिंचानं हॅटट्रिक केली.

तो उजव्या विंगला, सात नंबरची जर्सी घालून खेळायचा. त्याची चाल एकच होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. बॉल पायाशी थांबवायचा. अंग डावीकडे झुकवायचं. समोरचा डावीकडे कलंडला की उजवीकडून सुटायचं. वर्षानुवर्षं तीच चाल. त्याला अडवायला उभ्या राहिलेल्या प्रत्येक डिफेंडरला ठाऊक असायचं की हा उजवीकडूनच जाणार, आणि तरीही तो डावीकडे झुकायचा, कारण त्या वाकड्या पायांवरून वजन नेमकं कुठे पडलंय याचा अंदाजच यायचा नाही. समोरच्या डिफेंडरचं नाव लक्षात ठेवायचे कष्टही तो घेत नसे. त्याच्यासाठी सगळेच जोआओ, आपल्याकडे म्हणतात तसा कुणीतरी गंप्या. एकदा चकवून झालेल्याला परत येऊ द्यायचं आणि पुन्हा चकवायचं, हा त्याचा आवडता खेळ. कोच वैतागायचे. स्टँडमधली गरीब माणसं पोट धरून हसायची. लोकांचा आनंद हे त्याचं दुसरं नाव तिथूनच पडलं.

१९५८ च्या वर्ल्डकपला निघण्याआधी इटलीत फिओरेंतिना क्लबशी एक सराव सामना झाला. गारिंचानं एकामागोमाग एक डिफेंडर आणि मग गोलकीपरलाही चकवलं. गोल पूर्ण रिकामा होता, पण हा थांबला. मागून धावत आलेल्या डिफेंडरला पुन्हा एकदा हूल दिली आणि मग चालत जाऊन गोल केला. ब्राझीलच्या कोचिंग स्टाफला हे मुळीच आवडलं नाही. भर म्हणजे टीमच्या मानसशास्त्रज्ञानं घेतलेल्या चाचणीत त्याला अगदी कमी मार्क पडले होते आणि तो मोठ्या सामन्याचं दडपण पेलू शकणार नाही असा निष्कर्ष निघाला होता. त्याच माणसानं सतरा वर्षांच्या पेलेलाही नापास केलं होतं, हे जाता जाता सांगून ठेवते. आपल्या कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सायकोमेट्रिक टेस्टमध्ये गचकलेल्यांनी हे मनात जपून ठेवायला हरकत नाही.

पहिल्या दोन सामन्यांत दोघंही बाहेर बसले. ऑस्ट्रियाला हरवलं, इंग्लंडशी गोलशून्य बरोबरी झाली. १५ जूनला गोथेनबर्गला तिसरा सामना सोव्हिएत युनियनशी, ज्यांच्या गोलमध्ये लेव्ह याशिन. या सामन्यात दोघांना एकदमच उतरवलं. शिट्टी वाजली आणि एका मिनिटाच्या आत गारिंचाचा शॉट पोस्टवर आदळला. लगेच पेलेचाही पोस्टवर. तिसऱ्या मिनिटाला वावानं गोल केला. फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटं, असं त्या सुरुवातीचं वर्णन एका फ्रेंच पत्रकारानं केलं आणि ते आजही केलं जातं. फायनलला स्वीडनने आधी आघाडी घेतली. मग उजवीकडून गारिंचा दोनदा एकाच पद्धतीनं सुटला, दोनदा क्रॉस दिला, वावानं दोन्हींचे गोल केले. ५-२. ब्राझीलचा पहिला वर्ल्डकप.

पेले आणि गारिंचा दोघंही मैदानात असताना ब्राझील कधीही हरला नाही. चाळीस सामने, त्यातले छत्तीस जिंकले, चार बरोबरीत. हा आकडा मी कॅन्टीनमध्ये सांगितला तेव्हा पहिल्यांदा टेबलावर शांतता झाली.

आता कॉन्ट्रॅक्टकडे येऊ. वर्ल्डकप जिंकून आलेला हा माणूस पाऊ ग्रांदेमध्येच राहत होता. क्लबशी नव्यानं करार करायची वेळ आली की तो कोऱ्या कागदावर सही करायचा. आकडा क्लबवाले नंतर भरायचे. वाचून विश्वास बसत नाही, पण हे एकदा नाही, अनेकदा झालं. टीममधले इतर काही खेळाडू त्याच्यापेक्षा जास्त पैसे घेत होते. क्लब परदेशी दौऱ्यांवर जायचा, दक्षिण अमेरिकेत आणि युरोपात ओळीनं सामने खेळायचा आणि आयोजकांकडून पैसे घ्यायचा, तेही गारिंचा खेळणार या अटीवर. तो नाही खेळला तर रक्कम कमी. सामना जिंकल्यावर खेळाडूंना वर जो बोनस मिळतो त्याला ब्राझीलमध्ये बीशू म्हणतात, म्हणजे शब्दशः जनावर. गारिंचाला त्या हातात पडणाऱ्या रोख बीशूचं अप्रूप जास्त. घरी पैसे कपाटात, गाद्यांखाली, कुठेही टाकलेले असायचे आणि त्यातल्या कित्येक नोटा तशाच कुजून गेल्या, असं सांगितलं जातं.

इथे आपण पटकन म्हणतो, की भोळा होता बिचारा. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या वेळची पद्धत समजून घेतल्यावर माझं मत थोडं बदललं. ब्राझीलमध्ये तेव्हा पासे नावाचा प्रकार होता. खेळाडूची नोंदणी ही क्लबची मालमत्ता. करार संपला तरी पासे क्लबकडेच राहायचा. म्हणजे तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, तुम्हाला दुसरा क्लब दुप्पट द्यायला तयार आहे, तरीही जुना क्लब जोवर सोडत नाही तोवर तुम्ही कुठेही खेळू शकत नाही. खेळायचं नसेल तर घरी बसा. फ्री ट्रान्सफर, बोस्मन रूल, शेवटचे सहा महिने उरल्यावर बोलणी, यातलं काहीच नव्हतं. अशा वेळी कोरा कागद आणि भरलेला कागद यात फरक तो किती? वाटाघाटीला बसायला तुमच्या हातात काहीतरी असावं लागतं. त्याच्या हातात काहीच नव्हतं. पायात होतं, पण ते पाय कागदावर क्लबचे होते.

फरक होता, हेही खरं. पेलेचा पासेसुद्धा क्लबकडेच होता, पण पेले करारावर भांडायचा, जाहिराती करायचा, हिशोब ठेवायला माणसं ठेवायचा. गारिंचानं यातलं काहीच केलं नाही आणि त्याच्या आजूबाजूच्या शहाण्या माणसांनी, काही अपवाद सोडले, तर त्याच्यासाठी करूनही दिलं नाही.

१९६२ चा वर्ल्डकप चिलीमध्ये. दुसऱ्याच सामन्यात, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, पेलेची मांडी गेली. तेव्हा बदली खेळाडूचा नियमच नव्हता. वर्ल्डकपमध्ये तो १९७० ला आला. त्यामुळे पेले उरलेला वेळ लंगडत विंगवर उभा राहिला. चेक खेळाडूंनी त्या अवस्थेत त्याला धक्का दिला नाही, बॉल सोडून बाजूला झाले. हे वाचून मला चेक टीम कायमची आवडायला लागली. पण प्रश्न होता ब्राझीलचा. जगातला सर्वात मोठा खेळाडू बाहेर. तेव्हा इंटरनेट असतं तर पहिल्या तासाभरात ब्राझीलचं काही खरं नाही असं आपण सगळ्यांनी जाहीर करून टाकलं असतं.

स्पेनविरुद्ध पेलेच्या जागी आलेल्या आमारिल्दोनं दोन गोल करून टीम वाचवली. तोही बोटाफोगोचाच. आणि मग गारिंचानं स्पर्धा हातात घेतली. क्वार्टर फायनलला इंग्लंडविरुद्ध त्यानं कॉर्नरवर हेडरनं गोल केला. याची उंची मोजायला फूटपट्टी पुरेल असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. त्याची फ्रीकिक गोलकीपरच्या हातून सुटली आणि वावानं दुसरा मारला. तिसरा त्याचा स्वतःचा, लांबून, वळत जाऊन कोपऱ्यात. ३-१. याच सामन्यात एक भटकं कुत्रं मैदानात शिरलं. गारिंचाच्या हाताखालून निसटलं, शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जनं चार पायांवर रांगत जाऊन ते धरलं आणि त्या कुत्र्यानं त्याच्या जर्सीवरच कार्यक्रम उरकला. पुढे ते कुत्रं सोडतीत गारिंचाला मिळालं आणि ब्राझीलला गेलं, असं ग्रीव्ह्ज नंतर सांगत असे.

सेमीफायनल यजमान चिलीशी, सान्तियागोत. गारिंचाचे दोन गोल, वावाचे दोन, ४-२. सामनाभर त्याला लाथा बसत होत्या. शेवटच्या काही मिनिटांत त्यानं परत एक लाथ घातली आणि रेफरीनं त्याला बाहेर काढलं. रेड कार्ड तेव्हा नव्हतं, हातानं दाखवायचे. बाहेर जाताना प्रेक्षकांतून काहीतरी येऊन डोक्याला लागलं. नियमाप्रमाणे फायनल हुकायला हवी होती. पण बरीच पडद्यामागची धावपळ झाली आणि त्याच्यावर बंदी आली नाही. हे योग्य होतं असं मी म्हणणार नाही. आज झालं असतं तर आपणच रात्रभर पोस्टी टाकल्या असत्या. फायनलला तो तापानं फणफणलेला होता, फार काही केलं नाही, तरी चेकोस्लोव्हाकियाचे दोन-तीन खेळाडू त्याच्याभोवतीच अडकून राहिले. ३-१ नं दुसरा वर्ल्डकप. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणारे सहा जण होते, त्यातला एक तो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिओच्या लीगच्या निर्णायक सामन्यात बोटाफोगोनं फ्लामेंगोला ३-० हरवलं आणि तिन्ही गोल गारिंचाच्याच चालींतून आले. त्या वेळी तो एकोणतीस वर्षांचा होता. यापुढे उतार आहे.

त्याच्या गुडघ्यांना तो उतार आधीच जाणवायला लागला होता. वाकड्या पायांवर शरीराचं वजन सरळ पडत नाही. चालताना एकवेळ चालतं, पण पूर्ण वेगात येऊन थबकणं, वळणं आणि परत सुटणं, आणि हे एका सामन्यात पन्नास वेळा, दहा वर्षं. दोन हाडांमधली कुर्चा झिजत गेली. गुडघ्यात पाणी व्हायचं. सुईनं ते पाणी काढायचं, वेदना कमी करणारं इंजेक्शन द्यायचं आणि मैदानात पाठवायचं. विश्रांती हवी होती, पण विश्रांती घेतली तर दौऱ्याचे पैसे कमी होतात. इंजेक्शननं दुखणं जातं, झीज जात नाही. उलट दुखत नाही म्हणून माणूस आणखी जोरात पळतो. आमच्या कॉलेज टीममधला एक जण लिगामेंट ताणलेलं असताना स्प्रे मारून इंटरकॉलेजिएट खेळला होता. आज तो जिना एका हातानं कठडा धरून उतरतो. त्यामुळे हा भाग लिहिताना मला तो जिनाच दिसत राहिला.

१९६३ मध्ये पहिल्यांदा गारिंचानं कराराच्या पैशांवरून क्लबशी वाद घातला. सगळा शहरभर गवगवा झाला. चाहत्यांना धक्का बसला, आपला साधाभोळा माने पैसे मागतोय म्हणजे काय? दोष दिला गेला एल्झा सोआरेसला. एल्झा म्हणजे ब्राझीलची जबरदस्त सांबा गायिका, रिओच्या झोपडपट्टीतून वर आलेली, लहान वयात लग्न, मुलं आणि वैधव्य सगळं पाहिलेली कृष्णवर्णीय बाई. १९६२ च्या सुमारास दोघं जवळ आले. त्यानं बायको आणि आठ मुलींना सोडलं. लोकांचा राग मात्र त्याच्यावर कमी आणि तिच्यावर जास्त निघाला. घरावर दगड पडले. रेडिओवर तिची गाणी लावू नका अशी ओरड झाली. क्लबकडून हक्काचे पैसे माग, गुडघा दाखव, दारू सोड, हे त्याला सांगणारी पहिली व्यक्ती तीच होती आणि लोकांच्या लेखी खलनायिकाही तीच. नाईरनं पोटगीसाठी कोर्टात धाव घेतली, तीही चूक नव्हतीच. आठ मुलींना जेवायला घालायचं होतं तिला.

१९६४ च्या सप्टेंबरमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मेनिस्कस काढलं. तेव्हा आर्थ्रोस्कोपी नव्हती, गुडघा उघडून गादीच काढून टाकायची. फिजिओथेरपीचा आजच्यासारखा कार्यक्रम नाही, त्यात वजन वाढलेलं, दारू चालू. तो परतला पण ती चाल परतली नाही. डावीकडे झुकायचा, समोरचा कलंडायचाही, पण उजवीकडे सुटायला पाय साथ द्यायचा नाही. १९६६ च्या जानेवारीत बोटाफोगोनं त्याला साओ पाउलोच्या कोरिंथियन्सला विकलं. क्लबनं तेरा वर्षांत त्याच्याकडून सहाशेच्या आसपास सामने खेळवून घेतले होते. कोरिंथियन्सकडून तो तेरा खेळला.

आणि तरीही १९६६ च्या वर्ल्डकपला त्याला नेलं. टीम निवडीचा नुसता गोंधळ होता, सरावालाच चाळीसहून जास्त खेळाडू बोलावले होते, आणि शेवटी नावाकडे बघून निवड झाली. लिव्हरपूलला बल्गेरियाविरुद्ध पेलेनं एक फ्रीकिक गोलमध्ये घातली, गारिंचानं दुसरी. २-०. दोघं एकत्र खेळलेला हा शेवटचा सामना. पुढच्या सामन्यात पेले जखमी होता, गारिंचा खेळला आणि हंगेरीकडून ब्राझील ३-१ हरला. ब्राझीलसाठी पन्नास सामने खेळलेल्या माणसाचा हा पहिला पराभव आणि शेवटचा सामना. पोर्तुगालविरुद्ध त्याला वगळलं. ब्राझील गटातूनच बाहेर.

पुढे क्लब बदलत गेले. कोलंबियात एक सामना, फ्लामेंगोकडून थोडे, शेवटी रिओतल्या ओलारिया या छोट्या क्लबकडून. कशाचंच काही झालं नाही. एप्रिल १९६९ मध्ये गाडी चालवत असताना त्याची ट्रकशी टक्कर झाली. गाडीत एल्झाची आई होती, ती गेली. त्यानंतर तो खचला, दारू आणखी वाढली. लष्करी राजवटीचे ते दिवस होते, १९७० मध्ये त्यांच्या घरावर गोळीबार झाला आणि दोघं इटलीला निघून गेले. तिथे एल्झा गायची. तो ब्राझीलच्या कॉफीच्या प्रचाराचं काम करायचा, म्हणजे लोकांशी हात मिळवायचा.

१९ डिसेंबर १९७३ ला माराकाना स्टेडियममध्ये त्याच्यासाठी निरोपाचा सामना भरवला. ब्राझील विरुद्ध परदेशी खेळाडूंची टीम. पेले खेळला. सुमारे १ लाख ३१ हजार लोक आले. उद्देश सरळ होता, याच्यासाठी पैसे जमवायचे. चाळीस वर्षांचा, पोट सुटलेला गारिंचा काही वेळ खेळला, मग जर्सी काढून मैदानाला फेरी मारली. त्या गर्दीनं वीस वर्षं त्याच्यासाठी तिकिटं काढली होती आणि त्या तिकिटांतला त्याचा वाटा त्याला पहिल्यांदाच नीट मिळत होता, तोही मदत म्हणून.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो प्यायल्यावर एल्झाला मारायचा. तिनं हे पुढे अनेकदा उघडपणे सांगितलं. १९७६ मध्ये त्यांना मुलगा झाला, १९७७ मध्ये ती त्याला सोडून गेली. ज्या बाईनं त्याच्यासाठी लोकांचे दगड खाल्ले तिच्यावरच त्यानं हात उचलला, हे लिहिल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही आणि त्याच्या गुडघ्यांबद्दल हळहळताना हे विसरून जायचं मला जमत नाही. क्लबनं त्याला वापरलं हे खरं आणि हेही खरं.

१९८० च्या रिओ कार्निव्हलमध्ये मांगेरा या प्रसिद्ध सांबा मंडळानं त्याला चित्ररथावर बसवलं. औषधांच्या गुंगीत, डोळे कुठेतरी लागलेले, हात यंत्रासारखा हलतोय. लाखो लोकांनी टीव्हीवर ते पाहिलं. त्यानंतर हॉस्पिटलच्या फेऱ्याच फेऱ्या. २० जानेवारी १९८३ ला रिओत तो गेला. यकृत निकामी झालं होतं. वय एकोणपन्नास.

शव माराकानामध्ये ठेवलं, शवपेटीवर बोटाफोगोचा झेंडा. मग अग्निशमन दलाच्या गाडीवरून पाऊ ग्रांदेकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पुलांवर, छपरांवर माणसं. एल्झा पुढे खूप गायली, साठी-सत्तरी ओलांडल्यावर तर नव्या पिढीची लाडकी झाली. ती गेली २०२२ मध्ये, तारीख तीच, २० जानेवारी.

पासेची पद्धत ब्राझीलमध्ये त्याच्यानंतर अठरा वर्षं टिकली. १९९८ मध्ये ती मोडणारा कायदा झाला आणि २००१ पासून करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. तेव्हा क्रीडामंत्री पेले होता, त्यामुळे त्या कायद्याला पेलेचं नाव आहे. ब्राझीलियातल्या मोठ्या स्टेडियमला गारिंचाचं नाव आहे, २०१४ च्या वर्ल्डकपसाठी ते प्रचंड खर्च करून नव्यानं बांधलं.

२०१७ मध्ये त्याच्या गावाजवळच्या दफनभूमीत अधिकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा त्याच्या अस्थी नेमक्या कुठे आहेत हे कुणालाच खात्रीनं सांगता आलं नाही. मधल्या काळात कबर उघडून त्या दुसरीकडे हलवल्या असाव्यात, असं घरच्यांच्या कानावर होतं. त्याचा कागद मात्र सापडला नाही.